दिवाळीला माहेरी नॅचरल वाईन नेताना

पहिल्या वर्षी माझी चांगलीच फजिती झाली होती. पुण्याहून निघताना बुडबुडेवाली एक बाटली डिकीत टाकली, कोल्हापूर येईपर्यंत ती उन्हाने शेकून निघाली, आणि संध्याकाळी हॉलमध्ये सगळ्यांसमोर मी ती तशीच उघडली. अर्धी वाईन चकलीच्या डब्यात. उरलेल्यातला एक घोट घेऊन काका म्हणाले, "ह्यो उसाचा रस इटलाय न्हवं?"

तेव्हा राग आला होता. पण मी पंधरा मिनिटं जे समजावत होते ते काकांनी चार शब्दांत सांगून टाकलं होतं. सकाळी गुऱ्हाळावरून आणलेला रस तसाच बाहेर राहिला तर संध्याकाळी फसफसायला लागतो. त्यात कुणी यीस्ट टाकलेलं नसतं. ते उसावर, घाण्यावर, भांड्याला असतंच. नॅचरल वाईन म्हणजे द्राक्षाचा रस असाच अंगच्या यीस्टवर आंबू द्यायचा, त्यात शक्यतो काही घालायचं नाही आणि त्यातलं काही काढायचंही नाही.

तुम्ही पहिल्यांदाच अशी बाटली घरी नेणार असाल, तर मी ठेचा खाऊन शिकलेलं क्रमाने सांगते.

१. घरच्यांना गुळावरून सांगा

फ्रेंच नावं घेऊ नका. कोल्हापूरकराला ही भानगड गुळावरून एका मिनिटात कळते. एक गूळ पिवळाधमक, हैड्रोस घालून रंग उजळवलेला. दुसरा काळपट, बिनरसायनाचा. त्याच्या रसातली मळी भेंडीच्या चिकाने वर काढलेली. दोन्ही गूळच. पण दुसऱ्याच्या दोन ढेपा एकसारख्या निघतील याची खात्री नाही, आणि ज्याला तो आवडतो त्याला तो त्याचसाठी आवडतो.

वाईनचंही तसंच. नेहमीच्या वाईनमध्ये विकतचं यीस्ट घालतात, टिकावी म्हणून सल्फर डायऑक्साइड घालतात, बारीक गाळतात, निवळायला कधी अंड्याचा पांढरा बलक तर कधी माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरतात. यात पाप काही नाही, चव दरवेळी तीच मिळते. नॅचरलवाले सेंद्रिय द्राक्षं घेतात आणि पुढचं बरंचसं वगळतात. म्हणून वाईन गढूळ दिसते आणि तळाला साका बसतो.

आता दोन आकडे, कारण घरात एखादा भाचा मोबाईलवर शोधून आडवे प्रश्न विचारतोच. 'नॅचरल' या शब्दाला जगभर मान्य अशी कायदेशीर व्याख्या नाही. फ्रान्समध्ये २०२० साली 'व्हँ मेतोद नात्यूर' नावाचं चिन्ह सुरू झालं. त्यात एकूण सल्फाइट (म्हणजे तेच वरचं सल्फर डायऑक्साइड) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत ठेवावं लागतं. युरोपात नेहमीच्या कोरड्या रेडला १५० आणि व्हाइटला २०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. सल्फाइट अगदी शून्य सहसा नसतं, कारण आंबताना यीस्ट स्वतःच थोडं तयार करतं. आणि "नॅचरल आहे, हिनं डोकं धरत नाही" असं कुणी सांगितलं तर हसून पाण्याचा ग्लास भरून घ्या. अल्कोहोल तेच आहे.

२. दिवस आणि माणसं बघा

वसुबारसेपासून पाडव्यापर्यंत बाटलीचं नाव काढू नका. आमच्याकडे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मटणाचा बेत असतो, तोच दिवस मी धरते. काही घरं कार्तिक पाळतात, तिथे विषय संपला. दिवाळी उशिरा आली आणि सुट्ट्या ९ ते ११ नोव्हेंबरला लागून आल्या, तर संध्याकाळी निम्मं घर अंबाबाईच्या किरणोत्सवाला जाणार. त्या संध्याकाळी थांबा.

फोन करून आईला किंवा वहिनीला आधी विचारा. बाटली घेऊन थेट दारात उभं राहू नका. आमच्या घरी रीत अशी की पुरुष गच्चीवर व्हिस्की घेऊन बसायचे आणि बायका खाली भाकऱ्या थापायच्या. वाईन जेवणाबरोबर पंगतीत प्यायची गोष्ट असल्याने ती गच्चीवर नेऊन उपयोग नव्हता. हे वहिनीने माझ्याआधी ओळखलं. "मग ताटाबरोबरच वाढ की," म्हणाली. आत्याला ते रुचलं नाही. ती त्या दिवशी आत देवघराजवळ जेवली. पुढच्या वर्षी आमच्यातच बसली, सोलकढीचा ग्लास घेऊन. जो घेत नाही त्याला एकदाच विचारायचं, दुसऱ्यांदा नाही.

कायद्याचंही माहीत हवं. महाराष्ट्रात वाईनसाठी वय २१ पूर्ण लागतं, व्हिस्की-रमसाठी २५, आणि पिण्याचा परवानाही लागतो. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेल्या काका-मामांनी डॉक्टरांना विचारलेलं बरं. ज्याला रात्री गाडी चालवायची आहे त्याला फक्त वास घेऊ द्या.

३. दोन बाटल्या घ्या, सहा नको

७५० मिलीच्या बाटलीत साधारण १०० मिलीचे सात ग्लास होतात. बारा टक्क्यांच्या वाईनचे १०० मिली म्हणजे अल्कोहोलच्या हिशेबात व्हिस्कीचा जवळपास एक ३० मिलीचा पेग. काकांना हा हिशेब आधी सांगा, नाहीतर सरबत समजून ते तीन ग्लास रिचवतात आणि मग शाहू महाराजांच्या काळातल्या कुस्त्या सुरू होतात.

पहिली बाटली बुडबुडेवाली घ्या, जिला पेट-नॅट म्हणतात. आंबणं पूर्ण व्हायच्या आतच ती बाटलीत भरून बंद करतात. उरलेली साखर आत आंबते आणि तयार होणारा वायू तिथेच अडकतो. झाकण बहुतेक वेळा सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं असतं, म्हणून ओपनर लागतो. अल्कोहोल सहसा जरा कमी, चव आंबटगोड. नवख्याला हीच पहिली आवडते.

दुसरी ऑरेंज वाईन. संत्र्याशी तिचा काही संबंध नाही. हिरव्या द्राक्षांचा रस सालींसकट आंबवला की सालीचा रंग आणि तुरटपणा उतरतो आणि वाईन मधासारखी, कधी हळदीसारखी दिसते. जॉर्जिया देशात ही फार जुनी पद्धत आहे. तिथे 'क्वेव्री' नावाचे मातीचे मोठे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात आणि त्यात रस, साली, बिया सगळं एकत्र महिनोन्महिने ठेवतात. २०१३ साली युनेस्कोने या पद्धतीची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद घेतली. आमच्या आजोबांना हे लगेच समजलं, कारण जमिनीतलं धान्याचं पेव त्यांनी पाहिलेलं.

तिसरा पर्याय हलकी रेड. अख्खे घड न फोडता बंद टाकीत आंबवले की ती जांभळासारखी रसरशीत होते, तुरटपणा कमी राहतो. ही थंडच प्यायची.

यातलं काहीच मिळालं नाही तर पुण्यात तयार होणारी मीड, म्हणजे मध आंबवून केलेली, घेऊन जा. ती नॅचरल वाईन नाही हे मान्य. पण मध सगळ्यांच्या ओळखीचा असल्याने घर लवकर मोकळं होतं. सांगली-तासगावच्या पाहुण्यांना मात्र एक प्रश्न पडतोच: आमची द्राक्षं का नाहीत या वाईनमध्ये? तासगावकडची तास-ए-गणेश, सोनाका ही खायची आणि बेदाण्याची जात, मोठ्या मण्याची, पातळ सालीची. वाईनचं द्राक्ष मणी लहान, साल जाड आणि बियांचं असतं, कारण रंग आणि चव सालीत असते.

४. आणताना

कोल्हापुरातल्या दुकानात अशी बाटली मिळेलच असं धरून चालू नका. पुण्या-मुंबईतून आणा आणि बिल जवळ ठेवा. गोव्याहून स्वस्त पडते म्हणून गगनबावड्याच्या किंवा आंबोलीच्या घाटाने बाटल्या घेऊन येऊ नका. परवान्याशिवाय तो सरळ गुन्हा आहे आणि त्या रस्त्यांवर तपासणी असते. परदेशातून येणाऱ्या भावाला विमानतळावर शुल्काशिवाय २ लिटर आणता येते, म्हणजे दोनच बाटल्या.

गाडीत डिकी नको. सल्फाइट कमी म्हणजे उष्णतेपासून बचाव कमी. पुणे-कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, वाटेत कराडला चहा, नातेवाइकांकडे पाच मिनिटांचे दोन तास. एवढ्यात बंद गाडीत वाईन उकडून निघते. बाटली ओल्या टॉवेलात गुंडाळून एसीत, पायाशी ठेवा. लेकरांचे डबे असलेली बर्फाची पेटी तर सगळ्यात उत्तम.

५. आदल्या दिवशी

घरी पोचल्यावर बाटल्या फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, आडव्या नाही. एक रात्र गेली की साका खाली बसतो. पेट-नॅटच्या बाबतीत हे चुकवू नका. बाटली गरम असेल, हललेली असेल आणि साका वर तरंगत असेल, तर झाकण काढताक्षणी वायू त्या कणांभोवती सुटतो आणि कारंजं उडतं. माझ्या चकल्यांचं तेच झालं होतं.

दिवाळीच्या फ्रिजमध्ये जागा करणं हे मात्र वाईन आणण्यापेक्षा कठीण काम आहे. आई म्हणेल, "बासुंदी कुठं ठेवू?" भांडू नका. दुपारी बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून अर्धा तास बाटली बुडवली तरी चालते.

पेट-नॅट ६ ते ८ अंशांना. ऑरेंज आणि हलकी रेड १२ ते १४ अंशांना, म्हणजे फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं ओट्यावर. ऑरेंज फार गार असली की नुसती तुरट लागते.

६. उघडणं आणि वास

पेट-नॅट मोरीत किंवा अंगणात उघडा, हातात टॉवेल आणि खाली पातेलं. झाकण एकदम उडवू नका. ओपनरने थोडं उचला, सुस्कारा ऐकू येईल, थांबा, पुन्हा थोडं. साधे काचेचे पेले चालतात. स्टीलचे नको, रंग दिसत नाही, आणि हिची निम्मी गंमत रंगात आहे.

आता मुख्य गोष्ट. पहिला घोट कुणी घेण्याआधी पेला स्वयंपाकघरात न्या आणि स्वयंपाक करणाऱ्या माणसाला फक्त हुंगायला द्या. हे मला योगायोगाने सापडलं. आई पीत नाही. त्या दिवशी ती वाटण परतत होती, मी पेला नाकाशी धरला तर हात न थांबवता म्हणाली, "कुरडयांचा चीक." तीन दिवस भिजवलेले गहू, रोज पाणी बदललेलं, वाटून गाळलेलं, त्याला येतो तो आंबूस, पिठूळ वास. मी परत हुंगलं. तोच होता. त्याआधी मी कुठल्याशा चिठ्ठीवर वाचलेलं 'ब्रेडचं कणीक, हिरवं सफरचंद' सगळ्यांना ऐकवत होते, आणि कुणालाच तो वास येत नव्हता.

तेव्हापासून आमच्याकडे आईच नाव ठेवते. एक बाटली "मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याचा खार" होती, एक "चिंचेचा कोळ, त्यात गुळाची ढेप बुडवलेली". ती ज्या दिवशी नाव ठेवते त्या दिवशी बाकीचे पेले उचलतात. तिला वास आवडला नाही तर काकाही हात लावत नाहीत, आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं.

वेगळा वास आणि बिघडलेला वास यातला फरक मात्र ओळखावा लागतो. सडक्या अंड्याचा वास आला तर घाबरू नका, हवा न मिळाल्याने तो कधी कधी येतो. चहा निववताना दोन भांड्यांत वरखाली करतो तसं वाईन चार-पाच वेळा वरखाली ओता, बहुतेक वेळा जातो. (बुडबुडेवालीला हे करू नका, पाणी होईल.) हे तांब्याच्या तांब्यात करायचा मोह होतो. वाईन आंबट असते, तांबं उतरतं, नकोच. तबेल्यासारखा वास हा ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचा; थोडा असला तर काहींना आवडतो, आमच्या गोठ्यात वाढलेल्या मामांना फारच आवडला. व्हिनेगरची हलकी झाक चालते. नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास आला तर ती बाटली गेली.

सगळ्यात फसवा दोष निराळाच आहे. नाकाला काहीच कळत नाही, घोट घेताना बरं वाटतं आणि गिळल्यावर दहा-वीस सेकंदांनी उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव वर येते. वाईन आंबट असताना तो वास दबलेला असतो. तोंडातल्या लाळेने आंबटपणा उतरला की उठतो. सगळ्यांना तो जाणवतही नाही. यामागच्या द्रव्यांपैकी एक आहे २-असिटाइल-१-पायरोलीन, आणि बासमती-आंबेमोहोरासारख्या सुवासिक तांदळाच्या वासामागेही मुख्यतः तेच असतं. म्हणजे भाताच्या वाफेला ज्याच्यासाठी आपण वाखाणतो, तेच पेल्यात आलं की तोंड वाकडं होतं. अशी बाटली ठेवून काही सुधारत नाही, उघडी राहिली की आणखी वाढते. ओतून द्या.

७. ताटाबरोबर

तांबडा रस्सा वाढायच्या आधी वाईन वाढा. एवढं एक पाळलं तरी बरंच साधतं. रश्श्याची पहिली वाटी रिचवल्यावर जीभ तासभर कामातून जाते, आणि अल्कोहोलने तिखटाची आग कमी होत नाही, भडकते. तुरट वाईनने तर आणखीच. ज्यांना तांबड्याबरोबर प्यायचीच आहे त्यांना गारेगार, किंचित गोडसर पेट-नॅट द्या, लहान घोट. नाहीतर पाणी आणि कांदा-लिंबू.

ऑरेंज वाईनची जोडी पांढऱ्या रश्श्याशी. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू, आलं-लसूण; सगळं मऊ आणि स्निग्ध. त्यावर वाईनचा आंबटपणा आणि सालीचा तुरटपणा जिभेवरची साय साफ करतो आणि पुढची वाटी पुन्हा पहिल्यासारखी लागते. पहिल्यांदा हे जुळलं तेव्हा दादा काही बोलला नाही, फक्त वाटी पुढे केली, मग पेला पुढे केला. हलकी रेड सुक्या मटणाबरोबर, खोबरं खरपूस भाजलेलं असेल तर फारच छान.

फराळात चकली आणि पेट-नॅट हे जगात भारी. भाजणीचा खमंगपणा, तीळ, तळणीचं तेल, त्यावर आंबट बुडबुडे. पातळ पोह्यांचा चिवडाही चालतो. लाडू, करंजी, अनारसे यांच्याबरोबर नको. गोड खाल्ल्यावर कोरडी वाईन चिंचेच्या पाण्यासारखी लागते. मिसळीबरोबर चहाच प्या.

तळाचा गढूळ भाग शेवटी येतो. काहीजण बाटली अलगद हलवून तो मुद्दाम मिसळतात. मी आधी निवळ वाढते आणि मग ज्याला हवा त्याला गढूळ पेला देते, म्हणजे एकाच बाटलीतून दोन चवी होतात. काका गढूळच मागतात.

८. उरली तर

पेट-नॅट दुसऱ्या दिवशी मरते, ती संपवाच. पत्र्याचं झाकण परत बसतही नाही. ऑरेंज बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते, कधी दुसऱ्या दिवशी जास्त बरी लागते. ओट्यावर उघडी ठेवली तर सकाळी आत चिलटं पोहताना दिसतील. आंबट झालेली वाईन टाकू नका, आलं-लसूण-हळदीबरोबर मटणाला लावून तासभर ठेवा. आई दह्याऐवजी तीच वापरते, आणि हे तिने गच्चीवरच्या मंडळींना अजून सांगितलेलं नाही.